बैठकीखालचा दाब

वाळूची पिशवी सेन्सरवर ठेवायची, आकडा लिहून घ्यायचा आणि चहाला जायचं. परत येऊन पाहावं तर आकडा वाढलेला. पिशवी तीच, वजन तेच. व्हेलोस्टॅट नावाच्या या काळ्या, कार्बन मिसळलेल्या प्लॅस्टिकवर दाब आला की त्याचा विद्युतरोध कमी होतो, इथवर ठीक. पण दाब तसाच राहिला तरी रोध हळूहळू घसरतच राहतो, आणि वजन उचललं की लगेच पूर्वपदावर येत नाही. तरी ते स्वस्त आहे, कात्रीने कापता येतं, त्यामुळे पुण्यातल्या ज्या प्रयोगशाळेत मी इंटर्न होते तिथे व्हीलचेअरच्या गादीवर टाकायची सेन्सरची चटई त्याचीच बनवायची होती. वरून तांब्याच्या १६ आडव्या पट्ट्या, खालून १६ उभ्या, मध्ये हे प्लॅस्टिक. असे २५६ छेदबिंदू एकामागून एक वाचायचे. चौकोनाचे तीन कोपरे दाबले गेले की चौथ्या, रिकाम्या कोपऱ्यातही दाब उमटायचा. ज्या पट्ट्यांची पाळी नाही त्या सगळ्या ग्राउंडला जोडल्यावर ही भुतं बरीचशी गेली.

हा खटाटोप कशासाठी, तर बेडसोअरसाठी. आपण खुर्चीत बसल्या बसल्या सारखे चुळबुळत असतो, पण ते आपल्या लक्षातही येत नाही. मज्जारज्जूला इजा झाली की कमरेखालून ‘आता अवघडलं’ हा निरोपच वर येत नाही. बैठकीच्या दोन हाडांखालचं मांस दबून राहतं, त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि जखम आतून सुरू होऊन बऱ्याचदा उशिरा बाहेर दिसते. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलला लुडविग गुटमन यांनी रुग्णांना रात्रंदिवस दर दोन तासांनी कुशीवर वळवण्याची शिस्त लावली, ती याच जखमांसाठी. ‘सुपरमॅन’ ख्रिस्तोफर रीव्ह २००४ मध्ये गेला, तेव्हाही त्याच्यावर अशाच जखमेच्या संसर्गाचे उपचार चालू होते. पैसा आणि माणसं दिमतीला असूनही हे टळत नाही.

चटई तयार झाल्यावर प्रश्न आला की धोका कधी मानायचा. विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांत पाऱ्याचे ३२ मिलिमीटर हा आकडा हमखास सापडतो. त्यापुढे केशवाहिन्या मिटतात म्हणे. हा आकडा युजीन लँडिस यांच्या १९३० च्या मोजमापांतून आलेला आहे, आणि ती मोजमापं निरोगी माणसांच्या बोटांच्या नखाशेजारची होती. साध्या फोमवर बसलेल्या माणसाच्या हाडाखाली दाब याच्या दुप्पट-तिप्पट सहज असतो. ३२ वर अलार्म लावला तर तो बसताक्षणी सुरू होईल आणि उठेपर्यंत थांबणार नाही. खरा हिशेब दाब आणि वेळ या दोघांचा मिळून आहे, आणि त्याची मर्यादा प्रत्येक शरीराची वेगळी. त्यामुळे आपोआप सरकणाऱ्या आकड्याची माझी काळजी थोडी कमी झाली. नेमका दाब किती यापेक्षा तो कुठून हलला, किती वेळासाठी हलला, हे कळणं जास्त मोलाचं होतं, आणि तेवढं या स्वस्त प्लॅस्टिकला जमत होतं.

किती वेळासाठी, हे महत्त्वाचं. पुष्कळ जणांना हातांवर जोर देऊन बूड उचलायला शिकवलेलं असतं. पाच-दहा सेकंद उचलतात आणि परत बसतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात मात्र दबलेल्या मांसातला प्राणवायू पूर्ववत व्हायला सरासरी १ मिनिट ५१ सेकंद लागल्याचं दिसलं. तेवढा वेळ हातांवर कोण तोलून राहील? शिवाय चाकं ढकलून खांदे आधीच झिजलेले. फिजिओथेरपिस्ट मॅडमचा आग्रह असायचा की पुढे वाका, कोपरं गुडघ्यांवर टेका, निवांत दोन मिनिटं काढा. माझ्या प्रोग्रॅमला म्हणून ‘वजन उचललं’ आणि ‘पुढे वाकून थांबले’ यांतला फरक कळायला हवा होता. पुढे वाकलं की पडद्यावरचे हाडांखालचे दोन लाल ठिपके फिके पडतात आणि रंग मांड्यांकडे सरकतो. आधीचा प्रोग्रॅम नुसत्या उचलण्यावरच घड्याळ शून्यावर नेत होता. असं खोटं समाधान देणारं यंत्र नसलेलंच बरं.

इशारा कसा द्यायचा यावर चाचणीला येणाऱ्या काकांचं मत ठाम होतं. रंगकाम करताना परांचीवरून पडलेले, बोलायला रोखठोक. "ए पोरी, हे वाजणार असेल तर मी घरीच काढून ठेवीन. लग्नाच्या पंगतीत बसलोय आणि ढुंगणाखालून पीं पीं?"

मग थरथरणारी छोटी मोटर घेतली. ती सीटखाली बसवून काहीच उपयोग नाही, कारण तिथे संवेदनाच नाही. मनगटावर बांधली, तर चाक ढकलताना रस्त्याच्या खड्ड्यांच्या हादऱ्यांत ती हरवायची. शेवटी मनगटाच्या पट्ट्यात हालचाल मोजणारी चिप घातली. खुर्ची चालू असेपर्यंत इशारा थांबून राहतो, चाकं थांबली की येतो, आणि बटण दाबून पाच मिनिटं पुढेही ढकलता येतो. हे पुढे ढकलणं ठेवावं की नाही यावर प्रयोगशाळेत वाद झाला. मी ठेवा म्हणणाऱ्यांत होते. दिवसभर हुकूम सोडणारा पट्टा माणूस आठवड्यात ड्रॉवरमध्ये टाकतो.

आपल्याकडच्या खुर्च्यांनी वेगळाच त्रास दिला. दवाखाना छापाच्या घडीच्या खुर्चीचं रेक्झिन काही महिन्यांत झोळीसारखं लोंबतं, मांड्या आत ओढल्या जातात आणि वरची गादी कितीही चांगली असली तरी दाबाचं चित्र बिघडतं. काकांची गादी तर गादीवाल्याकडून कापून आणलेला फोमचा तुकडा होती. त्यावर आमची चटई ताणून बसवली की ती फोमला दबूच देईना, आणि दाब उलट वाढला. मोजणारी वस्तूच मोजमाप बिघडवत होती. मग चटईला जागोजागी चिरा दिल्या, पट्ट्या नागमोडी केल्या, म्हणजे ती फोमसोबत वाकेल. पँटच्या मागच्या खिशातलं पाकीट मात्र चटईने लगेच पकडलं. मॅडमनी ते काढायला लावलं, आणि नंतर जाड शिवणीची जीन्सही बंद करायला सांगितली.

इंटर्नशिप संपताना राहिलेल्या कामांच्या यादीत सर्वांत वर धुता येईल असं कव्हर होतं. मूत्राशयावर ताबा नसतो, घाम येतो, ओलावा स्वतःच कातडी खराब करतो. शिवाय पाणी आत गेलं की तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडतात. पाणी अडवणारं कापड घातलं तर गादीची हवा कोंडते. पुढच्या तुकडीला मी दोन कापडांचे नमुने आणि त्यांची दाबाची चित्रं देऊन आले. दोन्हींपैकी एकही कापड मला पसंत नव्हतं, तेही त्या कागदावर लिहिलं.