वन्य प्राणी पाळावेत काय? : दिंडोरी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : वन्य प्राणी, माणसाळणे, पाळीव होणे, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, बिबट्या, दिंडोरी तालुका.

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुका द्राक्षबागा, ऊस आणि धरणे यांसाठी ओळखला जातो. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या रांगा आणि आदिवासी पाडे, तर कादवा नदीच्या खोऱ्यात बारमाही बागायत अशी या तालुक्याची रचना आहे. त्यामुळे येथे वस्ती, शेती व जंगल यांच्या सीमा स्पष्ट राहिलेल्या नाहीत. ऊसतोडीच्या हंगामात फडात बिबट्याचे बछडे सापडल्याच्या बातम्या नाशिक जिल्ह्यातून वारंवार येत असतात. दुसरीकडे पिंजऱ्यातील पोपट व काचेच्या पेटीतील कासव ही दृश्ये अजूनही नवलाची नाहीत. अलीकडे तर शहरी बाजारात हेजहॉगसारख्या परदेशी प्राण्यांचीही भर पडली आहे.

या सर्वांच्या मुळाशी एकच समजूत आहे. ती अशी की, लहानपणापासून प्रेमाने वाढविल्यास कोणताही वन्य प्राणी घरचाच होतो. ही समजूत शास्त्र, कायदा व प्रत्यक्ष अनुभव यांच्या कसोटीवर कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

माणसाळणे आणि पाळीव होणे

माणसाळणे आणि पाळीव होणे या दोन भिन्न प्रक्रिया आहेत. एखादा प्राणी माणसाच्या सहवासाने निर्भय होतो, हाताने अन्न घेतो, तेव्हा तो माणसाळतो. ही त्या एका जिवाच्या आयुष्यातील घटना होय. पाळीव होणे ही मात्र संपूर्ण जातीच्या आनुवंशिकतेत पिढ्यान्‌पिढ्या घडणारी प्रक्रिया आहे. कुत्र्याच्या बाबतीत या प्रक्रियेस किमान पंधरा हजार वर्षांचा इतिहास आहे.

रशियन शास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव्ह यांनी सायबेरियात १९५९ साली सुरू केलेला कोल्ह्यांवरील प्रयोग या दृष्टीने उद्‌बोधक ठरतो. प्रत्येक पिढीतील सर्वांत कमी भित्र्या व कमी आक्रमक कोल्ह्यांचीच त्यांनी पैदास केली. काही पिढ्यांनंतर माणसाला पाहून शेपटी हलविणारे कोल्हे जन्मास येऊ लागले. अशी निवड न केलेल्या कोल्ह्यांची संतती मात्र भित्रीच राहिली. बदल घडला तो निवडीमुळे, केवळ मायेमुळे नव्हे. हत्तीचे उदाहरणही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. भारतात हजारो वर्षे हत्ती माणसाजवळ आहे, तरीही शास्त्रीय अर्थाने तो पाळीव झालेला नाही. प्रत्येक हत्तीला नव्याने माणसाळवावे लागते.

तात्पर्य, घरात वाढलेला बछडा माणसाला घाबरेनासा होईल, परंतु त्याची शिकारीची प्रेरणा नाहीशी होणार नाही. माणसाची भीती गेलेला हिंस्र प्राणी हा जंगलातील प्राण्यापेक्षा अधिक धोकादायक असतो.

पोपट, कासव आणि हेजहॉग

पोपट हा झाडाच्या ढोलीत घरटे करणारा व थव्याने राहणारा पक्षी आहे. बाजारात येणारी पिले बहुधा पंख फुटण्यापूर्वीच ढोलीतून काढलेली असतात. त्यासाठी ढोली फोडली जाते, म्हणजे पुढील विणीची जागाही नष्ट होते. पोपटाचे बोलणे कौतुकाचे वाटते, परंतु थव्यातील आवाजांशी जुळवून घेण्याची जी नैसर्गिक क्षमता त्याच्याजवळ आहे, तीच एकाकीपणात माणसाच्या आवाजाकडे वळते.

चांदणी कासव घरात ठेवल्यास लक्ष्मी स्थिर होते, अशी श्रद्धा काही ठिकाणी आढळते. हे कासव जमिनीवर राहणारे व मुख्यतः शाकाहारी आहे. हे ठाऊक नसल्यामुळे ते पाण्याच्या पेटीत ठेवले जाते. सूर्यप्रकाश व कॅल्शियम यांच्या अभावी त्याची पाठ वेडीवाकडी वाढते. आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर कासव असते ते दगडाचे, याचा विसर पडलेला दिसतो.

बाजारात मिळणारे लाल कानाचे अमेरिकन कासव हा वेगळा प्रश्न आहे. विकताना रुपयाएवढे असणारे हे कासव पुढे वीतभराहून मोठे होते व अनेक वर्षे जगते. कंटाळलेले मालक ते नदीत वा धरणात सोडून देतात. जगातील सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचा समावेश आहे. दिंडोरी तालुक्यातील पालखेड, करंजवण, वाघाड, ओझरखेड या धरणांच्या बाबतीत ही गोष्ट गंभीर आहे. कादवा नदी पुढे निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर येथे गोदावरीस मिळते आणि हे पाणस्थळ २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. दयेपोटी सोडलेले एक परके कासवही स्थानिक कासवांच्या अन्नावर व जागेवर गदा आणू शकते.

हेजहॉगला अनेक जण साळिंदराचे पिलू समजतात. वस्तुतः साळिंदर हा कृंतक वर्गातील, म्हणजे उंदराच्या गणातील प्राणी असून हेजहॉग मुख्यतः कीटकांवर जगतो. तो निशाचर व एकलकोंडा आहे. दिवसा हाताळल्यास तो अंगाचा चेंडू करतो. पाहणाऱ्यास ती लीला वाटली तरी प्राण्याच्या दृष्टीने ती भीतीची प्रतिक्रिया असते. स्कॉटलंडमधील साउथ युइस्ट बेटावर १९७४ साली बागेतील गोगलगायी आटोक्यात राहाव्यात म्हणून काही हेजहॉग सोडले गेले. पुढे त्यांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी मोठ्या प्रमाणावर फस्त केली.

मानवी आरोग्याचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. कासव व हेजहॉग यांच्यापासून साल्मोनेला या जिवाणूचा, तर पोपटांपासून सिटॅकोसिस या आजाराचा संसर्ग होऊ शकतो. अमेरिकेत २००३ साली घानामधून आलेल्या उंदरांच्या सान्निध्यात ठेवलेल्या प्रेअरी डॉग या पाळलेल्या प्राण्यांमुळे मंकीपॉक्सची साथ उद्‌भवली होती.

उसाच्या फडातील बछडे

दिंडोरीच्या संदर्भात सर्वांत कळीचा प्रश्न बिबट्याचा आहे. उंच व दाट ऊस, जवळच पाणी आणि भक्ष्य म्हणून कुत्री व शेळ्या यांमुळे मादी फडातच पिले घालते. डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या जिल्ह्यातील अकोले परिसरात केलेल्या अभ्यासात शेतीच्या प्रदेशात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. बिबट्या येथे वाट चुकून आलेला नाही; तो येथेच राहतो, हे त्यावरून स्पष्ट होते.

तोडणी सुरू असताना मादी भक्ष्याच्या शोधात किंवा माणसांच्या भीतीने दूर गेलेली असते. अशा वेळी सापडलेले बछडे अनाथ असल्याचा समज होतो. ते घरी नेले जातात, त्यांस गाईचे दूध पाजले जाते व त्यांच्यासोबत छायाचित्रे काढली जातात. मालेगाव तालुक्यात २०२२ साली शेतकरी कुटुंबातील मुले घराजवळ आढळलेल्या बछड्यासोबत आठवडाभर खेळत होती आणि नंतर ते वनविभागाच्या स्वाधीन करण्यात आले, अशी घटना वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली होती. अशा घटनांत दुहेरी धोका असतो. गाईच्या दुधाने बछड्यांस अतिसार होऊ शकतो आणि पिलांच्या शोधात मादी वस्तीकडे येऊ शकते.

यावरील उपाय महाराष्ट्राच्या वनविभागाने वारंवार यशस्वी करून दाखविला आहे. बछड्यांची तपासणी करून ते सायंकाळी सापडलेल्या जागीच टोपलीत किंवा खोक्यात ठेवले जातात व परिसर निर्मनुष्य केला जातो. रात्री मादी येऊन पिले उचलून नेते आणि कॅमेऱ्यात त्याची नोंद होते. जुन्नर येथील माणिकडोह बिबट निवारण केंद्राच्या सहकार्यानेही असे अनेक बछडे मातेकडे परतले आहेत. ज्याला आपण अनाथ समजतो, त्याला बहुतेक वेळा आपणच अनाथ करीत असतो.

कायद्याची भूमिका

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये ‘शिकार’ या संज्ञेत केवळ मारणे नव्हे, तर पकडणे, सापळा लावणे, अंडी वा घरटी यांना इजा करणे यांचाही अंतर्भाव आहे. त्यामुळे पोपटाचे पिलू काढणे हीदेखील कायद्याने शिकारच ठरते. या अधिनियमात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. बिबट्या व चांदणी कासव पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्याविषयीच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षे कारावास व किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. परदेशी प्राण्यांपैकी सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील प्रजातींची नोंदणी आवश्यक करण्यात आली आहे. यादीबाहेरील प्रजातींस ही नोंदणी लागू नाही. तथापि कायद्याने न अडविलेली प्रत्येक गोष्ट उचित असते असे नव्हे.

एक आक्षेप व त्याचे उत्तर

येथे हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पाचा दाखला दिला जाणे स्वाभाविक आहे. १९७३ पासून तेथे कार्यरत असलेल्या डॉ. प्रकाश आमटे यांनी बिबट्या, अस्वल, माकडे असे अनेक प्राणी सांभाळले. परंतु हा दाखला पाळण्याच्या बाजूचा नाही. ही पिले माडिया आदिवासींच्या उदरनिर्वाहासाठी झालेल्या शिकारीत खरोखरच अनाथ झालेली होती. ती हौसेने आणलेली नव्हती. त्यांच्यासाठी एका कुटुंबाने आपले आयुष्य वेचले आणि त्या कार्यास ‘अनाथालय’ हेच नाव दिले. अनाथालयाचे अस्तित्व हे मुलांना आईपासून वेगळे करण्याचे समर्थन ठरू शकत नाही.

समारोप

नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात वाघदेवाची पूजा होते व वाघबारस पाळली जाते. हा देव घरात नसतो. त्याचे स्थान शिवेवर असते. वन्य प्राण्याविषयी आदर बाळगावा आणि त्याच्यापासून अंतरही राखावे, हा विवेक या परंपरेत आहे. आधुनिक शास्त्र व कायदा याच निष्कर्षाप्रत येतात. वन्य प्राणी पाळू नयेत. जखमी वा एकाकी प्राणी आढळल्यास त्यास न हाताळता वनपरिक्षेत्र कार्यालयास किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

ग्रामीण महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थी शेतकरी व ऊसतोड कामगार कुटुंबांतून येतात. फडातील बछड्यापर्यंत सर्वप्रथम त्यांचेच हात पोहोचतात. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे व पर्यावरण विषयाचे तास यांतून तोडणीच्या हंगामापूर्वी एवढी माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचली, तरी काही पिले आपल्या आईकडे परततील आणि काही घरांवरील संकट टळेल.