खेळातल्या खदानीतला कोळसा
लेखमाला : पडद्यावरचा बाजार (लेखांक चौथा)

माजरीत कोळशाच्या भावाबद्दल कुणाला फार समजावून सांगावं लागत नाही. भद्रावती तालुक्यातल्या या गावाभोवती वेकोलिच्या उघड्या खदानी आहेत आणि वर्धा–बल्लारशा मार्गावरच्या इथल्या जंक्शनवरून मालगाड्या जातात. २०१२ पासून देशातल्या बिगर-कोकिंग दगडी कोळशाची प्रत त्याच्या उष्मांकावरून ठरते. जी-१ ते जी-१७ अशा सतरा प्रती आहेत. एकाच खदानीतला कोळसा करारातल्या वीज केंद्राला एका भावानं जातो आणि ई-लिलावात दुसऱ्याच भावानं. वस्तू तीच, दार वेगळं, म्हणून भाव वेगळा.

या लेखांकाचा विषय दुसऱ्या एका खदानीचा आहे. तिथलाही कोळसा खणून निघतो, पोत्यानं साठवला जातो, बाजारात विकला जातो, आणि त्याचाही भाव रोज हलतो. फक्त तो जळत नाही, कारण तो मोबाइलच्या पडद्यावर असतो.

‘रूनस्केप’ हा खेळ जानेवारी २००१ मध्ये इंग्लंडमधल्या अँड्र्यू गोवर या तरुणानं भावांच्या मदतीनं सुरू केला. पुढे ‘जॅगेक्स’ ही कंपनी तो चालवू लागली. त्याची जुन्या वळणाची आवृत्ती, ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’, फेब्रुवारी २०१३ मध्ये आली आणि २०१८ पासून ती मोबाइलवरही खेळता येते. जगभरातले हजारो लोक तिथे एकाच वेळी वावरतात. कुणी मासे पकडतो, कुणी झाडं तोडतो, कुणी राक्षस मारतो आणि कुणी कोळसा खणतो.

हा कोळसा खणायचा कसा, ते जवळून पाहण्यासारखं आहे. खेळाडूचं खाणकामातलं कौशल्य तिसाव्या पायरीवर पोहोचलं की कोळशाचा दगड त्याच्या कुदळीला दाद देतो. दगडावर बोट टेकवलं की पात्र कुदळ मारू लागतं. काही क्षणांत एक ढेकूळ पिशवीत येतं आणि दगड काळाचा करडा होतो. तो पुन्हा भरायला साधारण अर्धा मिनिट लागतं, तोवर शेजारचा दगड धरायचा. पिशवीला खण अठ्ठावीस. ते भरले की बँकेपर्यंत पळत जायचं, माल टाकायचा, परत यायचं. कोळसा लागतो लोहारकामाला. पोलादाच्या एका कांबीसाठी एक लोहखनिज आणि दोन ढेकळं कोळसा, आणि त्याहून भारी धातूंना चार, सहा, आठ ढेकळं. म्हणूनच त्याला कायम गिऱ्हाईक असतं. ज्याला चिलखत घडवायचंय पण खणत बसायचं नाही, तो नाणी मोजतो.

हे नाणी मोजणं चालतं ‘ग्रँड एक्स्चेंज’ नावाच्या बाजारात. विकणारा आपला भाव लावून माल ठेवतो, घेणारा आपला भाव लावून मागणी ठेवतो आणि यंत्रणा दोघांची गाठ घालते. आधी आलेल्या बोलीचा भाव धरला जातो. विकणाऱ्यानं १५० नाणी लावून ठेवली आणि नंतर आलेल्या गिऱ्हाइकानं १६० ची तयारी दाखवली, तर सौदा १५० लाच पटतो. एकाच माणसानं सगळा माल उचलून भाव चढवू नये म्हणून प्रत्येक वस्तूच्या खरेदीवर चार तासांची मर्यादा असते. डिसेंबर २०२१ पासून विक्रीवर एक टक्का करही लागला. पुढे तो दोन टक्के झाला. त्या कराच्या पैशातून कंपनी काही वस्तू विकत घेते आणि खेळातून कायमच्या पुसून टाकते.

पुसून टाकते, ती का? इथेच अशा खेळांच्या अर्थकारणाची किल्ली आहे.

कोळसा खणणारा श्रीमंत होतो, पण त्याच्या खणण्यानं एकही नवं नाणं जन्माला येत नाही. त्याला मिळालेली नाणी दुसऱ्या खेळाडूच्या थैलीतून आलेली असतात. नवी नाणी येतात ती वेगळ्या वाटांनी. राक्षस मेला की नाणी पडतात. किंवा जादूच्या पंचावन्नाव्या पायरीवर मिळणारा एक मंत्र वस्तूवर टाकला की वस्तू नाहीशी होते आणि तिच्या जागी नाणी येतात. हे चोवीस तास, हजारो खेळाडूंच्या हातून चालू असतं. नाणी खेळाबाहेर जायला वाट नसेल तर ती साठत जातात आणि भाव फुगतात. नवा खेळाडू दिवसभर राबला तरी साधी तलवार घेऊ शकत नाही. म्हणून दुरुस्तीचा खर्च, घरबांधणी, प्रवासाचं भाडं, विक्रीकर अशा मोऱ्या खेळ रचणारे मुद्दाम ठेवतात. किती नाणी आत आली आणि किती वाहून गेली, यावर त्यांची सतत नजर असते. ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अंतराळातला व्यापार-युद्धाचा खेळ चालवणाऱ्या आइसलँडच्या कंपनीनं तर २००७ मध्ये एयोल्फर गुडमुंडसन या अर्थतज्ज्ञालाच नोकरीवर ठेवलं.

या नाण्यांना रुपया-डॉलरमध्ये भाव कसा चढतो? ज्याच्याकडे वेळ आहे पण पैसा नाही आणि ज्याच्याकडे पैसा आहे पण वेळ नाही, अशी दोन माणसं एकाच खेळात भेटली की भाव ठरतोच. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं २००१ च्या अखेरीस ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातल्या नॉरॅथ नावाच्या काल्पनिक जगाचा हिशोब मांडला. लिलावाच्या संकेतस्थळांवर तिथलं नाणं सुमारे एका अमेरिकी सेंटला विकलं जात होतं, म्हणजे तेव्हाच्या जपानी येनहून महाग. खेळाडू तासाला सरासरी ३.४२ डॉलर कमावत होता आणि दरडोई उत्पन्न २,२६६ डॉलर, म्हणजे रशियाच्या जवळपास निघत होतं. तोवर ज्याकडे पोराटोरांचा उद्योग म्हणून पाहिलं जाई, त्यावर विद्यापीठांत निबंध लिहिले जाऊ लागले.

मग त्यात मजूर आले. २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला आणि चीनमध्ये खोल्याच्या खोल्या भरून तरुण पाळ्यांमध्ये सोनं कमावू लागले. त्यांचा मालक ते सोनं अमेरिका-युरोपातल्या गिऱ्हाइकांना विकत असे. पुढच्या दशकात व्हेनेझुएलाचं चलन कोसळलं, तेव्हा तिथली घरंच्या घरं ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’मध्ये उतरली. हिरवे ड्रॅगन मारायचे, त्यांची हाडं आणि कातडी विकायची, जमलेली नाणी परदेशी गिऱ्हाइकाला द्यायची आणि डॉलर घ्यायचे. देशातल्या किमान वेतनापेक्षा त्यातून जास्त मिळत होतं. दुसऱ्या बाजूला काही खेळाडू या लोकांना ओळखून मुद्दाम ठार मारत. त्याच्या युक्त्या सांगणारं टिपण २०१७ मध्ये फिरलं आणि त्यावर बराच गदारोळ उठला. समोरचा माणूस त्या हाडांवर घर चालवतोय, हे ठाऊक असूनही लोक हे करत, ही या साऱ्या कहाणीतली सर्वात बोचणारी गोष्ट आहे.

कंपन्यांच्या नियमांत खेळातली नाणी खऱ्या पैशांना विकायला मनाई असते. जॅगेक्सला तर अशा विक्रीचा जबर फटका बसला होता. सोनं विकणाऱ्या टोळ्या चोरीच्या क्रेडिट कार्डांवर सभासदत्व घेत. कार्डाचा खरा धनी तक्रार करी आणि बँक पैसे कंपनीकडून परत घेई. १० डिसेंबर २००७ रोजी कंपनीनं खेळाडूंमधली मोकळी देवाणघेवाणच बंद केली. दोन बाजूंच्या मालाच्या किमतीत साधारण ३,००० नाण्यांपेक्षा जास्त फरक असला की सौदा अडायचा. मित्राला मोठी भेट देणंही अशक्य झालं. प्रामाणिक खेळाडू चिडून सोडून गेले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मतदान घेतलं गेलं, बारा लाखांहून अधिक मतं पडली, त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त खुल्या व्यापाराच्या बाजूनं होती, आणि १ फेब्रुवारीला बाजार पुन्हा उघडला. पुढे कंपनीनं स्वतःच एक दार काढलं, ते ‘बाँड’चं. पैसेवाल्यानं कंपनीकडून बाँड विकत घ्यायचा आणि खेळातल्या बाजारात नाण्यांना विकायचा. वेळवाल्यानं तो नाण्यांना घेऊन आपलं सभासदत्व भागवायचं. रुपया आत येतो, पण बाहेर जात नाही. या एका दारानं काळा बाजार मेला नाही, पण त्याचं गिऱ्हाईक बरंच तुटलं.

आता माजरीच्या पोट्ट्यांच्या हातात जे खेळ खरोखर असतात, त्यांच्याकडे यायला हवं. ‘बीजीएमआय’ या पबजीच्या भारतीय आवृत्तीतला यूसी किंवा ‘फ्री फायर मॅक्स’मधले डायमंड या नाण्यांची चाल वेगळी आहे. ती खदानीतून निघत नाहीत, ती विकतच घ्यावी लागतात. २ जुलै २०२१ रोजी ‘बीजीएमआय’ भारतात आला तेव्हा ६० यूसी ७५ रुपयांना मिळत. त्यातून बंदुकीची स्किन, कपडे किंवा रॉयल पास घ्यायचा. उरलेले यूसी बाजारात मांडून विकण्याची सोय नाही. पैसा आत जाण्याचं दार सताड उघडं आणि बाहेर येण्याचं दार भिंतीतच नाही.

अशा ठिकाणी व्यापार थांबत नाही, तो आडवाटेला लागतो. यूसी विकता येत नाही म्हणून आख्खी आयडी विकली जाते. दुर्मिळ स्किन असलेल्या आयडीला हजारो रुपये मागितले जातात. फसवणूक इथेच होते. घेणारा यूपीआयनं पैसे टाकतो, त्याला पासवर्ड मिळतो, दोन दिवस तो खुशीत खेळतो. मग विकणारा त्या आयडीला मुळात जोडलेल्या ईमेलवरून ‘पासवर्ड विसरलो’ म्हणतो आणि खातं परत ओढून घेतो. तक्रार कंपनीकडे नेता येत नाही, कारण आयडीची विक्री नियमांतच बसत नाही. दुसरा प्रकार निम्म्या भावातल्या यूसीचा. तो माल पुष्कळदा चोरीच्या कार्डावर घेतलेला असतो. कार्डाच्या धन्यानं तक्रार केली की यूसी वजा होतात आणि खातं बंद पडतं. विकणारा तोवर नंबर बदलून मोकळा झालेला असतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईच्या जोगेश्वरीत एका सोळा वर्षांच्या मुलानं पबजीची आयडी आणि यूसी मिळवण्यासाठी आईच्या खात्यातून सुमारे दहा लाख रुपये उडवले. हे उघडकीला आल्यावर आईवडील रागावले आणि मुलगा चिठ्ठी लिहून घर सोडून गेला. पोलिसांना तो अंधेरीतल्या महाकाली गुंफांच्या परिसरात सापडला. समुपदेशन करून त्याला पालकांकडे सोपवण्यात आलं. ‘बीजीएमआय’ चालवणाऱ्या क्राफ्टन कंपनीनं अठरा वर्षांखालच्या खेळाडूंना दिवसाला तीन तास खेळ आणि ७,००० रुपये खर्च अशी मर्यादा जाहीर केली होती. दिवसाला सात हजार! खदानीतल्या कंत्राटी कामगाराच्या घरात ही मर्यादा मर्यादा म्हणून काय कामाची, हे कंपनीला कुणीतरी ठणकावून विचारायला हवं होतं.

शिवाय हे नाणं सरकारच्या एका आदेशासरशी गोठतं. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली, ‘फ्री फायर’वर फेब्रुवारी २०२२ मध्ये. ‘बीजीएमआय’ जुलै २०२२ च्या अखेरीस स्टोअरमधून गायब झाला, तो मे २०२३ मध्ये परतला. दरम्यान त्या यूसीचं काय, याचं उत्तर खेळाडूनं न वाचता मान्य केलेल्या करारात असतं. नाणं त्याच्या मालकीचं नसतं, ते वापरायची त्याला फक्त परवानगी असते.

बाहेरचं दार सताड उघडं ठेवलं तर काय होतं, याचाही दाखला आहे. ‘अ‍ॅक्सी इन्फिनिटी’ या व्हिएतनामी कंपनीच्या खेळात लढाई जिंकली की ‘एसएलपी’ नावाचं नाणं मिळे आणि ते क्रिप्टोच्या बाजारात सरळ विकता येई. खेळ सुरू करायला तीन प्राणी विकत घ्यावे लागत. ज्यांच्याकडे तेवढे पैसे नव्हते त्यांना प्राण्यांचे मालक ते बटईनं देत, आणि कमाईत वाटा घेत. फिलिपिन्समध्ये कोरोनाच्या काळात कित्येक कुटुंबं यावर जगली. पण नाणी पाडणारे वाढत गेले आणि ती खर्ची पडायच्या वाटा अपुऱ्या राहिल्या. २०२१ च्या उन्हाळ्यात एका एसएलपीला ३० सेंटच्या वर मिळत होते, वर्षभरात त्याचा भाव एका सेंटच्याही खाली गेला. त्यात मार्च २०२२ मध्ये या खेळाच्या ‘रोनिन’ जाळ्यावर दरोडा पडला आणि साठ कोटी डॉलरहून अधिक किमतीचं क्रिप्टो चोरीला गेलं. बटईनं खेळणाऱ्यांच्या हाती काही उरलं नाही.

भारतात १ एप्रिल २०२२ पासून अशा क्रिप्टो नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ त्यानं बंदीखाली आणले. ‘नाणी’, ‘टोकन’, ‘क्रेडिट’ अशी नावं देऊन पैसा लावला तरी तो पैसाच धरला जातो. असे खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ई-स्पोर्ट्सला मात्र या कायद्यानं मान्यता दिली.

आयडीच्या किंवा यूसीच्या सौद्यात पैसे गेले असतील तर लाजेपोटी गप्प बसू नये. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन जाईल, तितकी रक्कम समोरच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त. यूपीआय व्यवहाराचा क्रमांक, विकणाऱ्याशी झालेलं चॅट आणि त्याचा नंबर, एवढं पुसू न देता जपून ठेवावं. घरातल्या मोठ्यांच्या फोनवर प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल अशी सोय असते. ती चालू करायला दोन मिनिटं पुरतात, आणि मुलाच्या हातात फोन देण्याआधी ती चालू करावी.

(पुढील आठवड्यात : पैसे देऊन उघडायच्या बंद पेट्या, आणि बेल्जियमनं २०१८ मध्ये त्यांना जुगार का ठरवलं.)