अर्धवट गेम विकत घेताना काय धोका असतो?

नाशिकच्या पाथर्डी फाट्याला बांधकाम सुरू असलेला फ्लॅट बुक केला आणि ताबा रखडला, तर २०१७ पासून महारेराकडे दाद मागता येते. ‘अर्ली ॲक्सेस’मध्ये विकलेला अर्धवट व्हिडिओ गेम वेळेत पूर्ण करायला लावणारी अशी यंत्रणा नाही. काही गेम पूर्ण होणारच नाहीत, हे स्टीम स्वतःच सांगतं. पण ती सूचना वाचतं कोण! ‘बाल्डर्स गेट ३’ अर्ली ॲक्सेसमध्ये जवळपास तीन वर्षं राहून २०२३ मध्ये दिमाखात पूर्ण झाला. त्याच वर्षी ७ डिसेंबरला ‘द डे बिफोर’ आला आणि चारच दिवसांत तो बनवणारा स्टुडिओ बंद पडला. तिथे सगळ्यांना पैसे परत मिळाले. एरवी स्टीमवर रिफंड खरेदीपासून १४ दिवसांत आणि खेळून दोन तास होण्याआधीच मागावा लागतो.