मत्स्यव्यवसाय विकासात स्त्रियांचा हक्काचा वाटा

सातारा आणि सांगली हे कृष्णाकाठचे जिल्हे ऊस, हळद, द्राक्षे आणि सहकार यांसाठी प्रसिद्ध आहेत. मत्स्यव्यवसाय म्हटला की मात्र कोकणकिनाराच डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः कृष्णा, कोयना, वारणा आणि येरळा या नद्यांच्या काठी भोई, कोळी व कातकरी समाजांतील अनेक कुटुंबे पिढ्यान् पिढ्या मासेमारीवर उपजीविका करीत आली आहेत. कोयनेचा शिवसागर, धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी आणि चांदोली या जलाशयांनी या व्यवसायाचे क्षेत्र वाढविले. खटाव तालुक्यातील नेर आणि माण-आटपाडीच्या सीमेवरील राजेवाडी हे तर ब्रिटिश अमदानीतील तलाव. आता टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी दुष्काळी तालुक्यांतील तलावांतही पोहोचले आहे. ज्या तलावात पाणी टिकते, त्यात रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडता येते आणि गावाला उत्पन्नाचे एक नवे साधन मिळते.

हे उत्पन्न कोणाच्या नावे जमा होणार, हा प्रश्न मात्र पाणी येण्याआधीच विचारला पाहिजे.

श्रम दोघांचे, नोंद एकाची

मासेमारी म्हणजे केवळ जाळे टाकणे नव्हे. पुरुष रात्री होडी घेऊन पाण्यात जातो, हे खरे. पण पहाटे काठावर आलेले मासे निवडणे, साफ करणे, पाटीत भरून बाजारगावी नेणे, वाटे लावून विकणे, उधारी वसूल करणे आणि उरलेला माल वाळविणे ही कामे बहुतांशी स्त्रियाच करतात. फाटलेले जाळे विणण्यासही त्यांचा हात लागतो. डोंगरी भागातील कातकरी स्त्रिया ओढ्यांतून मासे व खेकडे स्वतः पकडतात. मासळी हा नाशवंत माल आहे. तो वेळेत विकला गेला नाही, तर रात्रीची मेहनत मातीमोल होते. म्हणजेच मासळीचा पैसा करण्याचे काम प्रामुख्याने स्त्रीच्या हातून होते.

जगभर हीच स्थिती आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने झालेला एक व्यापक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार लघु मत्स्यव्यवसायात काम करणाऱ्या दर दहा जणांत सुमारे चार स्त्रिया आहेत. तथापि, सरकारी कागदावर ‘मच्छीमार’ या शब्दाने पुरुषाचाच बोध होतो. दुग्धव्यवसायाचा अनुभव या भागास नवा नाही. म्हशीची वैरण, पाणी आणि धार घरातील बाई पाहते, पण डेअरीच्या खात्यावर नाव घरधन्याचे असते. मत्स्यव्यवसायातही तेच घडले आहे.

कायदा काय सांगतो

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३९ नुसार उपजीविकेचे पुरेसे साधन मिळण्याचा हक्क स्त्री-पुरुषांना समान आहे. स्त्रियांविरुद्धचे सर्व प्रकारचे भेदभाव नष्ट करण्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांनी १९७९ साली स्वीकारला आणि भारताने १९९३ साली त्यास अनुसमर्थन दिले. या कराराचे चौदावे कलम खास ग्रामीण स्त्रियांसाठी आहे. स्वयंसहायता गट व सहकारी संस्था स्थापन करणे, कर्ज व बाजारपेठेच्या सोयी मिळविणे हे त्यात त्यांचे हक्क मानले आहेत. अन्न व कृषी संघटनेच्या मत्स्यव्यवसाय समितीने २०१४ साली लघु मत्स्यव्यवसायासाठी ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे संमत केली. मानवी हक्क व स्त्री-पुरुष समानता हा त्यांचा पाया असून, ती समुद्राइतकीच नद्या व तलावांनाही लागू आहेत. मासे पकडणाऱ्याबरोबरच ते विकणारी आणि वाळविणारीही मत्स्यव्यावसायिकच होय, ही त्यातील महत्त्वाची भूमिका आहे.

राखीव जागांमागची अट

तलाव व जलाशय मासेमारीसाठी ठेक्याने देताना मच्छीमार सहकारी संस्थांचा विचार होतो. म्हणून पाण्यावरील हक्काचा मार्ग संस्थेच्या सभासद-यादीतून जातो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार संस्थेच्या व्यवस्थापन समितीत स्त्रियांसाठी दोन जागा राखीव आहेत. परंतु ही तरतूद ज्या संस्थेत स्त्री-सभासद आहेत, अशा संस्थेसाठी आहे. यादीत एकही स्त्री नसेल, तर राखीव जागांचा प्रश्नच उद्भवत नाही. राज्यातील पंचायतींत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना मिळाल्या. त्याच गावातील मच्छीमार संस्थेच्या सभेत मात्र स्त्रीला बसण्यास जागा नसावी, ही विसंगती दूर होणे आवश्यक आहे.

सभासदत्व नसल्याचे परिणाम पुढे अनेक ठिकाणी दिसतात. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून मत्स्यव्यवसायास लागू झाली आणि महिला गटही त्यास पात्र ठरले. मात्र अर्जदाराकडे तळे, तलाव वा अन्य साधन मालकीचे किंवा भाडेपट्ट्याने असावे लागते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थींना प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के, तर स्त्रियांना ६० टक्के अनुदान ठरविण्यात आले. हा लाभ मिळण्यासाठीही प्रथम कागदावर स्त्रीचे नाव यावे लागते.

पूर आणि प्रदूषण

सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ साली महापूर सोसला. आपत्तीनंतरच्या मदतीच्या निकषांत मच्छीमाराच्या होडीचा व जाळ्याचा उल्लेख आहे. विक्रेतीची पाटी, तराजू, बर्फाची पेटी आणि बुडालेली उधारी यांची गणना त्यात होत नाही. सांगली परिसरात २०२२ व २०२३ साली कृष्णेत मोठ्या प्रमाणावर मासे मृत झाले. अशा वेळी जाळे रिकामे राहतेच. शिवाय नदीचे मासे घेण्यास ग्राहक धजावत नाही आणि विक्रेतीची दुहेरी हानी होते. पंचनामा करताना तिचाही जबाब नोंदविला जाणे हा न्यायाचा भाग होय.

गावपातळीवर काय करता येईल

पंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांनी पुढील गोष्टी मनावर घेतल्यास बराच फरक पडेल.

१. मच्छीमार कुटुंबांची नोंद करताना ‘कुटुंबप्रमुख’ एवढाच रकाना न ठेवता पकडणे, विकणे, वाळविणे आणि जाळे विणणे ही कामे कोण करते, ते स्वतंत्रपणे लिहावे.

२. संस्थेच्या पुढील वार्षिक सभेपूर्वी विक्री व प्रक्रिया करणाऱ्या स्त्रियांचे सभासदत्वाचे अर्ज भरून घ्यावेत. उपविधीतील व्याख्या आड येत असल्यास दुरुस्तीचा ठराव मांडावा.

३. प्रत्येक सभासदाचे वारस-नामनिर्देशन पूर्ण आहे ना, हे पाहावे. त्याअभावी पतीच्या निधनानंतर त्याचा भाग मिळविताना विधवेस अडचणी येतात.

४. आठवडे बाजारात मासे विकणाऱ्या स्त्रियांसाठी ओटा, पाणी, सावली आणि स्वच्छतागृह यांची तरतूद ग्रामपंचायतीने विकास आराखड्यात करावी. शहरांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीतील विक्रेत्यांच्या प्रतिनिधींपैकी एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात.

५. ‘मत्स्य संपदा’ योजनेतील अपघात विम्यात मृत्यू वा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ५ लाख रुपयांची तरतूद करण्यात आली. पूरक कामे करणाऱ्यांचाही त्यात समावेश आहे. हे मासे विकणाऱ्या स्त्रियांना सांगावे. अर्ज भरण्याच्या कामी शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल.

महाराष्ट्र शासनाने २०२५ साली मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतीच्या बाबतीत सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्यासाठी या राज्याला मोठी चळवळ करावी लागली, कारण नोंदी प्रथम एकाच्याच नावे झाल्या होत्या. दुष्काळी तालुक्यांतील तलावांच्या बाबतीत ती चूक टाळणे अद्याप शक्य आहे. तेथील मच्छीमार संस्थांच्या याद्या तयार होत असतानाच पाटी वाहणाऱ्या स्त्रीचे नाव त्यांत आले, तर ठेका, कर्ज, विमा आणि समितीतील जागा या गोष्टी तिला मागून नव्हे, हक्काने मिळतील.