अळीला सवय लागत नाही

मौजे बेसा हे एके काळी नागपूर शहराच्या दक्षिण हद्दीबाहेरचे काळ्या जमिनीचे गाव. आज त्या जमिनीच्या दप्तरात अकृषिक वापराचे शेरे पडून तेथे वसाहती उभ्या राहिल्या असल्या, तरी थोडे दक्षिणेस गेले की पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, शेते अजून दृष्टीस पडतात, आणि तेथील एखाद्या वृद्ध शेतकऱ्यास बोंडअळीची हकिकत विचारली, तर “अळीले आता बीटीची सवय झाली जी” हेच उत्तर बहुधा ऐकू येते. या मोजक्या शब्दांत जीवसृष्टीच्या उत्क्रांतीविषयीचा सर्वांत चिवट गैरसमज साठवलेला आहे. तो केवळ शेतकऱ्याचा आहे असेही नाही. प्राणी आपल्या आयुष्यात जे अंगी बाणवतो ते त्याच्या संततीस वारशाने मिळते, अशी उपपत्ती लामार्कसारख्या थोर निसर्गशास्त्रज्ञाने १८०९ मध्ये मांडलीच होती.

वस्तुस्थिती काय आहे, हे पाहण्यास लांब जावे लागत नाही, कारण १९७६ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय कापूस संशोधन संस्था याच बाजूस, वर्धा मार्गावर आहे. एका जिवाणूचे कीटकनाशक प्रथिन स्वतःच्या पेशींत निर्माण करणाऱ्या बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली, आणि दोन प्रथिने असलेले दुसरे वाण २००६ मध्ये आले. पहिल्या वाणाला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही हे सौराष्ट्रात २०१० पर्यंत उघड झाले, पुढे दुसऱ्या वाणाचीही तीच गत झाली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांनी बोंड उकलून पाहिले तेव्हा आत कवडी कापूस आणि सरकी पोखरणारी अळी होती.

या अवधीत कोणतीही अळी विष पचवण्यास शिकली नाही. पहिल्या वाणातील विष अळीच्या आतड्यातील कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटून आपले काम करते. ज्या थोड्या अळ्यांत जन्मतःच त्या प्रथिनाची घडण निराळी होती, त्यांच्यावर विषाला पकड मिळाली नाही, बाकीच्या मेल्या, आणि उरलेल्यांची प्रजा एका हंगामात अनेक पिढ्यांनी वाढत गेली. असे जन्मजात भेद विषाच्या हुकमाने उत्पन्न होत नाहीत. विषाने केली ती निवड. डार्विनने १८५९ मध्ये ज्याला नैसर्गिक निवड म्हटले ते हेच.

हे अनुमान खरे कशावरून, असे कोणी विचारील, आणि तसे विचारणे रास्तच आहे. अमेरिकन बोंडअळी कपाशीखेरीज तूर, हरभरा, टोमॅटो यांवरही जगते, म्हणून विषाशी गाठ न पडलेली तिची प्रजा सदैव शिल्लक राहते. गुलाबी अळीला मात्र कपाशीखेरीज जवळजवळ आसराच नाही. एकाच विषाखाली राहूनही पहिली बव्हंशी आटोक्यात राहिली आणि दुसरी निसटली. सवयीच्या उपपत्तीने हा भेद उलगडत नाही, निवडीच्या उपपत्तीने तो आधीच सांगता येतो. म्हणूनच ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम साध्या बियाण्याचे पाकीट देण्याचा दंडक होता: साध्या कपाशीवर वाढलेल्या पतंगांशी प्रतिकारक्षम पतंगांचा संकर व्हावा आणि त्यांची संतती पुन्हा विषाला बळी पडावी, हा त्यामागील हेतू. अमेरिकेत अॅरिझोनाने हा नियम पाळला, पुढे वंध्य पतंग सोडले, आणि २०१८ मध्ये त्या देशातील कपाशीच्या मुलखातून गुलाबी अळीचे उच्चाटन झाल्याची घोषणा झाली. आपल्याकडे ते लहान पाकीट कित्येक बांधांवर फेकले गेले. ज्या शेतकऱ्याला ते कशासाठी आहे हे कोणी समजावून सांगितले नाही, त्याला दोष देण्यास माझे मन धजत नाही.

आपल्या भाषेनेही या गोंधळात भर घातली आहे. ‘उत्क्रांतिवाद’ या शब्दातील ‘वाद’ म्हणजे सिद्धांत. परंतु वाचणाऱ्यास त्यात भांडण ऐकू येते, आणि विद्वानांचा निवाडा अजून व्हायचा आहे असे वाटते. ‘उत्’ या उपसर्गामुळे वर चढण्याचा भास होतो, वस्तुतः निसर्गाला कोणतेही शिखर गाठावयाचे नसते; आणि ‘क्रांती’मुळे क्षणार्धात होणाऱ्या उलथापालथीचा. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, असा आक्षेप घेतला, तेव्हा देशातील तिन्ही विज्ञान अकादमींना संयुक्त निवेदन काढावे लागले. आजचे माकड माणूस झाले असे विज्ञान म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज एक होते, आणि चुलत घराणी एकाच वेळी नांदू शकतात.

अळी बदलली तरी अळीच राहिली, नवा प्राणी कोठे झाला, हा यापुढचा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर याच मुलखाच्या खडकांत आहे. नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी येथील जीवाश्म गोळा करून विलायतेस धाडले. वर्धा खोऱ्यातील मांगली येथील एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन याने १८५५ मध्ये, म्हणजे डार्विनचा ग्रंथ निघण्याच्या चार वर्षे आधी केले. हा ओवेन पुढे डार्विनचा कडवा विरोधक झाला, म्हणून त्याची साक्ष पक्षपाताची म्हणता येत नाही. मांगलीचा तो थर सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा. वरोऱ्याजवळच्या पिसदुरा येथील डायनोसॉरची हाडे सहा-सात कोटी वर्षांपूर्वीची. आणि अरुण सोनकिया यांना १९८२ मध्ये नर्मदाकाठी हथनोरा येथे मिळालेली मानवसदृश कवटी काही लाख वर्षांची. मांगलीच्या खडकात डायनोसॉर नाही, पिसदुऱ्याच्या खडकात माणूस नाही, आणि हा क्रम उलटा झाल्याचा एकही खात्रीलायक दाखला पृथ्वीच्या पाठीवर सापडलेला नाही. पिसदुऱ्याच्या अश्मीभूत विष्ठेत तर गवताचे सिलिकाकण मिळाले, आणि त्या काळी गवत नव्हते हा शास्त्रज्ञांचाच समज २००५ मध्ये बदलावा लागला. पुराव्यापुढे मान तुकवण्याची ही तयारी मला त्या हाडांहूनही मोलाची वाटते.

दशावतारात हा सर्व क्रम आधीच सांगितला आहे, असे आपल्याकडे अभिमानाने म्हटले जाते. दशावतार हे श्रद्धेचे आणि काव्याचे धन आहे. परंतु त्यात एकच ईश्वर पुनःपुन्हा रूपे घेतो, मत्स्याचा कूर्म होत नाही, आणि वंशवृक्षाला फुटणाऱ्या असंख्य फांद्यांना तेथे स्थान नाही.

या फांद्यांचे नाते अळीपासून माणसापर्यंत पोहोचते: ज्या कॅडहेरिनच्या निराळ्या घडणीने अळी वाचली, त्याच कुळातील प्रथिने माणसाच्या शरीरात पेशीला पेशी बिलगून ठेवतात. मांजरीच्या आणि माशाच्याही. आणि शेतात निवड अजून चालूच आहे: डिसेंबर सरत आला की फरदड (वेचणीनंतरही राखलेले पीक) न ठेवता पऱ्हाटी उपटून काढा, असे कृषिशास्त्रज्ञ दरवर्षी सांगतात, कारण बोंडे झाडावर राहिली तर निवडून उरलेल्या अळ्यांना आणखी एक पिढी वाढवण्यास आसरा मिळतो.