गुलाबाचा दुसरा बहर

पुण्याच्या हवेत गुलाबाची मोठी छाटणी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात करण्याचा प्रघात आहे आणि तिच्यानंतर साधारण दीड महिन्याने, थंडी पडू लागता, पहिला बहर येतो. परंतु तो ओसरू लागल्यावर, पाकळ्या पुरत्या गळण्याच्या आत, जी हलक्या हाताची छाटणी करावयाची असते आणि जिच्यावर जानेवारीअखेरच्या फुलांची सारी भिस्त असते, तिला पुष्कळ हौशी बागवान वाळकी फुले खुडण्याचे किरकोळ काम समजतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दव सुकल्यावर, धार लावलेले सिकेटर घेऊन मी झाडापाशी बसतो. ‘ग्लॅडिएटर’ जातीच्या गुलाबाच्या कोमेजलेल्या फुलाखाली प्रथम तीन पर्णिकांची पाने लागतात; त्यांच्या बगलेतले डोळे दुर्बल असल्यामुळे तेथून निघणारा धुमारा बारीक आणि फूल खुजे होते, म्हणून बोट खाली सरकत पाच पर्णिकांच्या पहिल्या सुदृढ पानापाशी थांबते. तेथे पानाच्या देठाच्या बुडाशी तांबूस, फुगीर डोळा दिसतो. त्याचे तोंड झाडाच्या बाहेरच्या अंगाला असेल तर उत्तम; आत असेल तर आणखी एक पान उतरावे, कारण आत वळलेल्या फुटीने दाटी होते, वारा खेळत नाही आणि भुरीला आयते निमित्त मिळते. डोळ्याच्या वर पाव इंच राखून, उतार त्याच्या उलट बाजूस जाईल असा तिरपा काप घ्यावा. काप याहून फार वर गेला तर उरलेले टोक वाळून ती मर खाली उतरते. फार जवळ आला तर डोळाच दुखावतो.

एवढी तसदी घ्यावयाची ती अशासाठी की, फूल झडून फळ धरले म्हणजे झाडाचा रस बी पोसण्याकडे वळतो, आणि शेंड्याकडून खाली येणारे ऑक्सिन नावाचे द्रव्य बगलेतल्या डोळ्यांना निद्रिस्त ठेवते. शेंडा उतरला की तो अंमल संपतो. अर्थात पुन्हा फुलण्याचे हे सामर्थ्य सर्वच गुलाबांचे नव्हे. अत्तरासाठी कनौजकडे लावला जाणारा दमास्क गुलाब वसंतात एकदाच फुलतो. आपल्या बागांतील संकरित गुलाबांना वारंवार फुलण्याचा गुण लाभला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात पोहोचलेल्या चिनी गुलाबांकडून, आणि 1867 चा ‘ला फ्रान्स’ हा गुलाब त्याच परंपरेतला.

फुलदाणीसाठी हातभर देठ कापून नेणे मला मान्य नाही, कारण त्या देठाबरोबर पुढच्या बहराला पोसणारी पानेही जातात. छाटणीनंतर आळे चाळवून शेणखत द्यावे, जाड कापांना बोर्डो मलम लावावे आणि कलमाच्या सांध्याखालून निघालेली खुंटाची फूट मुळापासून काढावी. थोड्याच दिवसांत डोळे लालसर होऊन फुटतात.

तिसऱ्या बहराचा आग्रह मात्र मी धरीत नाही. चैत्राच्या उन्हात पाकळ्या करपतात, म्हणून त्या सुमारास दिसणाऱ्या कळ्या लहानपणीच खुडून पानांचा विस्तार राखतो आणि सकाळच्या पाण्यात खंड पडू देत नाही.