रोजची डोकेदुखी, अर्धशिशी आणि हाताचा आराम



आपल्या कोगनोळी-निपाणी भागात डोकेदुखीला आजार म्हणायची पद्धतच नाही. "डोस्कं उठलंय" म्हणायचं, कपाळाला फडकं करकचून आवळायचं, सुंठ उगाळून लेप द्यायचा आणि कामाला लागायचं. आता सुंठीच्या जागी बाम आला आणि दुकानातली सुट्टी गोळी आली. आमच्या गल्लीतल्या एक काकू परवा सहज म्हणाल्या, "गोळी घेतली की उतरतंय, दुसऱ्या दिशी परत चढतंय." महिन्याच्या किती होतात विचारलं, तर वीस-बावीस! त्यांच्या सुनेने पुढे विचारलं, "रोज मान चोळून दिली तर चालेल का?" त्या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत देता येईना, म्हणून हा लेख.

काकूंनी अनेक वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. आणि हे सगळं तासन् तास मान खाली घालून. निपाणीच्या वखारीतल्या बायकांचं काम आणि त्यांचा लढा यावर युगांतर या गटाने १९८२ साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. वखारीतली धूळ, उग्र वास आणि वाकलेली मान, तिन्ही गोष्टी डोकं उठवणाऱ्याच. आज विडीचं सूप मागे पडलं असेल, पण मोबाईलवर आणि शिलाई मशीनवर मान तशीच वाकते.

मान आणि डोकं यांचा संबंध काय? कपाळ, डोळे, कानशिलं यांच्या वेदना मेंदूकडे नेणारी एक मोठी नस आहे. मानेच्या वरच्या तीन मणक्यांजवळून निघणाऱ्या नसा मेंदूच्या मुळाशी तिच्याच जागी येऊन मिळतात. दोन ओढ्यांचं पाणी एकत्र झाल्यावर कुठलं कुठून आलं हे सांगता येत नाही, तसंच इथे होतं. आखडलेली असते मान, आणि दुखतो डोळ्यामागचा भाग. म्हणून डोक्याच्या मागे, केस संपतात तिथल्या खोबणीत हलका हात फिरवला की कपाळाला बरं वाटतं. उलटंही घडतं, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं. अर्धशिशी सुरू होतानाच मान भरून येते. त्यामुळे 'मान अवघडली म्हणून डोकं दुखलं' हा निष्कर्ष दर वेळी खरा नसतो.

दोन दुखण्यांतला फरक साधारण असा. ताणाची डोकेदुखी पट्टा आवळल्यासारखी दोन्ही बाजूंना असते आणि माणूस कसंबसं काम करत राहतो. अर्धशिशी बहुधा एका बाजूला ठणकते, मळमळते, उजेड आणि आवाज नकोसा होतो, जिना चढलं तरी वाढते. महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ डोकं दुखत असेल तर डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात.

हात लावायचा तो कधी? अर्धशिशीचा झटका चढला की कित्येकांना कंगवा फिरवलेलाही सोसत नाही, कुणी उशीवर ती बाजू टेकवत नाही. तेव्हा प्रेमाने का होईना, डोकं रगडू नका. अंधार, शांतता आणि थंड ओली पट्टी द्या. मालिशची वेळ दोन झटक्यांच्या मधली. माणसाला खाली बसवा, आधी खांदे सैल करा, मग बोटांच्या पेरांनी मानेच्या दोन्ही बाजू, मग ती मागची खोबण, शेवटी कानशिलं आणि जबड्याचा सांधा. मणक्याच्या हाडावर आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला दाब नको. आंबा पिकला का बघताना जेवढा दाबतो, तेवढाच जोर. दहा-पंधरा मिनिटं पुरे. तेल कोमट खोबरेल चालेल. वासाचं तेल टाळा, कारण उग्र वासानेच अनेकांची अर्धशिशी उठते.

आणि मान कडकडवून घेऊ नका! केस कापून झाल्यावर न्हावीदादा हौसेने देतात तो झटका असो, नाहीतर कुणा हाडवैद्याचा. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला अशा झटक्याने चीर पडून क्वचित पक्षाघात होतो. क्वचितच, पण हौसेखातर एवढी जोखीम कशाला?

कवटीला अगदी हलका स्पर्श करून हाडं 'जागेवर' आणणारी एक परदेशी पद्धतही आता शहरांतून मिळते. मोठ्या माणसाच्या कवटीची हाडं अशा स्पर्शाने सरकतात याला भक्कम पुरावा नाही. शांत पडून राहिल्याने आणि मायेच्या हाताने बरं वाटतं, ते खरंच आहे. पण त्यासाठी मोठी फी भरायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं. सुनेचा हात फुकट आहे.

आता काकूंच्या गोळ्या. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी दहा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त चालली की गोळीच डोकेदुखी टिकवून धरू शकते. ते चक्र मालिशने सुटत नाही. गोळ्या कशा कमी करायच्या आणि झटकेच कमी येतील असं औषध द्यायचं का, हे डॉक्टरच ठरवतील.

काही दुखण्यांत तर तेलाची वाटी बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा: क्षणात चढलेली, आयुष्यात कधी नव्हती अशी वेदना, ताप आणि ताठलेली मान, बोलणं अडखळणं, हातपाय लुळा पडणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कानशील दुखू लागलं आणि चावताना जबडा भरून आला, तर नजरेला धोका असू शकतो. तिथे चोळत दिवस घालवू नका.

काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा सुरू केल्या आहेत. डोकं दुखलं की फुली, गोळी घेतली की गोल. महिना भरला की तेच कॅलेंडर पिशवीत घालून त्या निपाणीला डॉक्टरांकडे जाणार आहेत. मान चोळायला रात्रीच्या जेवणानंतरची वेळ ठरली आहे, आणि सुनेने बामाची बाटली फळीवर वर ठेवून दिली आहे.